शेपटीवरचा निळा पट्टा

चि. धाकटीस, दादाचे पोटभर आशीर्वाद.

मोतीबिंदू हरला, तुझा दादा जिंकला! पट्टी निघाली तरी सगळं धुरकटच होतं. फोनवर ‘झकास दिसतंय’ म्हणालो, ते तुझ्या जिवाला घोर नको म्हणून.

काल सूनबाईला म्हटलं, टाचण्या बघायच्यात, चतुराच्या त्या सुईसारख्या बारीक बहिणी. तिने बागेतल्या कारंज्यापाशी नेलं. एकही दिसेना. म्हटलं, संपलं, डोळा वाया गेला. मग डोक्यात प्रकाश पडला: त्या नाजूक जिवाला उसळतं पाणी कसं मानवेल? मागच्या शेवाळलेल्या तळ्यावर गेलो आणि काठच्या गवतात, अगदी खाली, सापडली! पंख पाठीवर मिटलेले, म्हणजे चतुर नव्हे. अंग हिरवट, शेपटी काळी, टोकाशी निळा पट्टा. तीच आपली नेहमीची, कुठल्याही डबक्यावरची!

सूनबाई म्हणे, “कुठंय? मला नाही दिसत, बाबा.”

म्हटलं, “चष्मा पूस, बाई!”

दुसऱ्या डोळ्याचं डॉक्टर पुढे बघणार आहेत. भीती नाही. म्हणजे, थोडी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नकोस.

आणि हो, हे पत्र कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. अक्षर ओळखलंस ना?

तुझा डोळस दादा