अभिप्राय मागे घेत नाही

कोल्हार
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय महेंद्रदादास,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही बरे आहोत. दीपा सुप्याला कंपनीत सेकंड शिफ्टला आहे. आठवड्यातून एकदा येते, पोटभर जेवते आणि झोपते. माझी अंगणवाडी चालू आहे. तुझ्या गुडघ्यांची खबर सुरेखावहिनींकडून मिळते, कारण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर मला बोलू देत नाहीस. म्हणून हे पत्र. निदान हे मध्येच तोडता येणार नाही.

वहिनींनी तुझा निरोप दिला. आबांनी विहारात काढलेल्या वाचनालयातल्या अभिप्राय वहीतलं माझं पान फाडायचं आणि चुकून लिहिलं गेलं असं सगळ्यांसमोर सांगायचं. दादा, मी फाडणार नाही. का, ते नीट वाच.

विहारातला नियम तुला माहीत आहे, आबांनीच घातलेला. पुस्तक परत करताना वहीत अभिप्राय लिहायचा, आणि पौर्णिमेला वंदना झाली की ते सगळ्यांसमोर वाचायचे. या खेपेला मी 'मनालीतले नऊ दिवस' नावाची कादंबरी नेली होती. पन्नाशीची एक विधवा सुट्टीत एकटीच मनालीला जाते, तिथं तिला एक गृहस्थ भेटतात. मी मन लावून वाचली, दोनदा. मग वाटलं ते लिहिलं. लेखकाला प्रवास ठाऊक नाही. नऊ दिवसांत बाईचे पाय सुजत नाहीत, ती एक कपडा धूत नाही, बघावं तेव्हा आपली खिडकीत उभी. बर्फाचं वर्णन इतकं की वाचता वाचता मी शाल घेतली. तेही माफ केलं असतं. पण शेवटी मुलाचा फोन येतो, लोक काय म्हणतील म्हणून, आणि ही बया बॅग भरून घरी येते नि दळण निवडायला बसते. लेखक याला त्याग म्हणतो. मी लिहिलं, हा लेखकाचा भित्रेपणा आहे आणि तो त्यानं बाईच्या नावावर खपवलाय.

इथं थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण हात थांबेना. खाली आणखी एक वाक्य लिहिलं: 'दुसऱ्याच्या ताटातली भाजी उचलून खाण्याइतकी ओळख व्हायला लेखकाने सहा दिवस लावले आहेत. चार पुरतात, तेही बसच्या प्रवासात.'

मोनिकानं, आपल्या नव्या सेक्रेटरीनं, आधी नजर न टाकता ते माइकवर वाचलं. बाहेरचा कर्णा चालूच होता. जानेवारीत बोधगयेच्या बसला कोल्हारातून मी एकटी गेले होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

ताट कुणाचं, हे तुला आतापर्यंत कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. माझ्याकडून साधं ऐक. भीमराज म्हणून आहेत, जामखेडचे. सहलीच्या बसबरोबर आचारी होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली. चाळीस माणसांचं करून, सगळ्यांना वाढून, शेवटी पातेल्याच्या झाकणात घेऊन उभ्यानंच खायचे. तीन दिवस मला ताई म्हणत होते. चौथ्या दिवशी सारनाथला मी त्यांच्या झाकणातली मेथी उचलून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हटलं. त्यांनी मीठ आणून दिलं. त्यानंतर ताई म्हणणं बंद झालं. बाकी काही नाही रे, सगळी बस आजूबाजूला घोरत होती.

मग फोन. आधी रविवारी, मग रोज. हे मी तुला सांगितलं नाही, लपवलं, ती चूक माझी.

दिवाळीत ते इथं आले. मला वाटलं मला एकटीला विचारतील, तर नाही. दीपाला समोर बसवलं आणि म्हणाले, "मला लई बोलता येत न्हाई. तुझ्या आईला इचारायचंय, पन तुझ्या देखत." दीपानं आधी त्यांना शुगर आहे का विचारलं आणि मग चहा टाकला. मी मात्र उत्तर दिलं नाही. तुझ्या भीतीनं दिलं नाही, दादा. हे लिहायचीसुद्धा लाज वाटते.

दीपाचे पप्पा गेले तेव्हा तू आम्हाला सांभाळलंस. तिची फी भरलीस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेव्हा तू म्हणालास, आता दीपाकडे बघ. बघितलं, अकरा वर्षं बघितलं. आता ती स्वतःचं बघते आणि मला म्हणते, आई, तू काय करणार? माझं नाव आबांनी यशोधरा ठेवलं, पण म्हणून मी जन्मभर मागंच राहायचं, असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

तुझ्यासारख्या बँकेतल्या साहेबाचा मेहुणा आचारी, हे तुला खुपतंय, असंही वहिनी हळूच म्हणाल्या. आपले आबा कारखान्यावर मोळ्या उचलायचे. त्यांच्या डोक्यावरची चुंबळ बघून तू कधी मान खाली घातली नाहीस. मग आता का?

पौर्णिमेला ते वाक्य कर्ण्यावर गेलं तेव्हा वाटलं, धरणी दुभंगावी. पण दुभंगली नाही, आणि मीही उठून गेले नाही. शेवटची गाथा होईपर्यंत ताठ बसले. सगळं गाव ऐकून बसलं होतं आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, मग मी कुणाला भ्यायचं? घरी आले, चप्पल काढायच्या आधी जामखेडला फोन लावला आणि हो म्हणाले. तुझा निरोप दुसऱ्या दिवशी आला.

३० तारखेला, रविवारी, सकाळी अकराला, आपल्याच विहारात मंगल परिणय आहे. माणसं मोजकीच. स्वयंपाक मीच करतो असं भीमराज म्हणत होते. मी म्हटलं, त्या दिवशी तरी बसून जेवा. माझ्या बाजूनं उभं राहायला मी दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती जागा तुझी आहे. तू आला नाहीस तर ती रिकामी राहील आणि मला फार लागेल. पण लग्न थांबणार नाही.

आलास तरी, नाही आलास तरी,
तुझीच धाकटी,
यशोधरा