उजवीकडची सीट

अप्पा, गाडी चालू झाली. होऊन तीन आठवडे झाले आणि लिहायला मी आज बसले आहे, त्यावरून काय ते समजा. मामांच्या डाळ मिलमागचं गोदाम विकायला काढलं तेव्हा मामेभावाचा फोन आला, "अक्का, ती तुमची जपानी गाडी आत पडलीय की. भंगारवाल्याला देऊन टाकू का?" मी म्हटलं, खबरदार हात लावलास तर. इतक्या जोरात म्हटलं की स्टाफरूममधले सगळे चहा सोडून माझ्याकडे बघायला लागले. सदतीस वर्षं जिचं नाव काढलं नाही, तिचा एवढा पुळका मला एकदम कुठून आला ते माझं मलाच कळलं नाही. आई म्हणाली, "कामून उकरायलीस गं? पडलीय ती पडू दे." तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण गाडीचा विषय निघाला की आई अजून आवाज खाली आणते.

ताडपत्रीवर तुरीच्या भुशाचा बोटभर थर होता. खाली तीच दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची गाडी, तुम्ही आखातात सात वर्षं फिटरचं काम करून बोटीनं मुंबईला आणलेली. मागच्या बाजूला तुम्ही स्वतः ब्रशनं काढलेली पांढरी अक्षरं अजून वाचता येत होती, लेफ्ट हँड ड्राइव्ह. गाडी दाखवायला मी बरोबर नेलेल्या मिस्त्रींनी आत डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "अक्का, बाजूची सीट कुठाय?" उजवीकडची सीट, माझी सीट, नव्हतीच. चोरीला गेली असं मी धरून चालले. मग ती माळ्यावर सापडली, वाकळीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली, आणि शेजारी दूध पावडरच्या डब्यात तिचे चारही बोल्ट, ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेले. गाठी तुमच्या हातच्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "मालकांनी उंदरांपासून वाचवली." डावीकडची मात्र उंदरांनी पार स्प्रिंगांपर्यंत खाल्ली होती. मी वाकळ हातात धरून तशीच उभी राहिले आणि माझ्या मनात एकच आलं, म्हणजे अप्पांना माहीत होतं की काय.

हे मी दहाव्या वर्षापासून मनात वागवते आहे. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी आपल्या रस्त्यांवर चालवायची म्हणजे चालवणारा बसतो रस्त्याच्या कडेला, आणि पुढे ट्रक असला की त्याला समोरचं काही दिसत नाही. ते दिसतं उजवीकडे बसणाऱ्याला. ते काम तुम्ही मला दिलं होतं. "बघ गं माय, कुणी यायलंय का?" असं तुम्ही विचारायचात, मी खिडकीतून मान काढून बघायची आणि "न्हाई, जावा" म्हणायची. तुमचा पाय लगेच दाबला जायचा. तुम्ही कधी दुसऱ्यांदा खात्री करून घेतली नाहीत. शाळेत मी मैत्रिणींना सांगायची, आमची गाडी खरं म्हणजे मीच चालवते, अप्पा नुसतं चाक फिरवतात.

त्या दिवशी बसवकल्याणहून आत्याच्या घरचं लग्न उरकून आपण दोघं गुलबर्ग्याला निघालो आहोत. आई मागे राहिली आहे. मंठाळ फाट्याच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्यांचा, सगळा रस्ता अडवून चाललेला. दुपारचे चार वाजले असतील. तुम्ही विचारता. मी म्हणते, "न्हाई, जावा." मी मान वर केलेली नाही. गाडी ट्रॉलीच्या आडून बाहेर निघते, तुम्ही ओरडता, दिवे देता, आणि मग तो आवाज येतो. आपण थांबतो तेव्हा सायकल उताणी पडली आहे, तिचं पुढचं चाक फिरतंय, आणि रस्त्याकडेच्या चारीत एक तरुण माणूस आपला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून बसला आहे. तो रडतसुद्धा नाही, नुसता पायाकडे बघतो. फौजदाराला तुम्ही सांगितलंत, "पोरीला इचारलंच न्हाई साहेब. मीच घाई केली." मी तुमच्या सदऱ्याचं टोक धरून मागे उभी होते. ऐकलं आणि गप्प बसले.

गाडी ओढत आणली ती थेट गोदामात. पुढे जन्मभर तुम्ही बसनंच हिंडलात. लोकांना वाटलं, माणूस घाबरला. मला काय वाटत होतं ते मात्र कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला "बघ गं" असं एकदाही म्हणाला नाहीत. दूध उतू जायला आलं की स्वतः उठायचात. दार वाजलं की मी दोन पावलांवर असले तरी तुम्हीच जायचात. बारावीला गणितात आपटले तेव्हाही तुम्ही आवाज चढवला नाहीत, आणि मला तर तुमच्या दोन शिव्या हव्या होत्या. माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून तुम्ही मला काही सांगत नव्हता की माझ्यावर ओझं नको म्हणून, हे शोधण्यात माझं सगळं तरुणपण गेलं. आजही रस्ता ओलांडताना कानाशी कुणीतरी विचारतं, कुणी यायलंय का? मी चार चार वेळा बघते. माझे विद्यार्थी माझी नक्कल करतात, ते मला ठाऊक आहे.

मिस्त्रींनी घाई केली नाही. इंजिन जाम होतं. प्लग काढून त्या भोकांतून त्यांनी तेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. कॉलेज सुटलं की मी जायची, पुढच्या पुलीला पाना लावून आम्ही दोघं जोर करायचो. "सावकाश अक्का," ते म्हणायचे, "इतके बरस झोपलीय, आस्ते आस्ते उठंल." नवव्या दिवशी ते करंगळीएवढं सरकलं आणि मी भर वर्कशॉपात रडले. कार्बोरेटरमधून तुरीची टरफलं निघाली, टाकीतलं पेट्रोल गुळाच्या पाकासारखं झालं होतं, ब्रेकची रबरं हैदराबादहून आणावी लागली. आरटीओतल्या फेऱ्यांचं काही सांगत नाही, तुम्ही तिकडेही हसाल. पण बॅटरी जोडली तो दिवस सांगते. तार लावताक्षणी, कुणी बटणाला हात लावला नसताना, एरवी बॉनेटमध्ये मिटून बसणारे, लावले की वर येणारे ते दिवे उघडायला लागले. एक पूर्ण उघडला, दुसरा अर्ध्यावर कुरकुरत थांबला. मिस्त्री म्हणाले, "स्विच चालूच राहिला असंल. ताडपत्री टाकताना दिवे हातानंच मिटवले असंल कुणी." बरोबर होतं त्यांचं. भर दुपारी तुम्ही समोरच्याला दिवे दिले होते, आणि ते बंद करायचं त्यानंतर कुणाला सुचलं नव्हतं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मग मी मंठाळला गेले, त्या सायकलवाल्याला शोधत. मी चालवत होते, सीट परत बसवली होती आणि तिच्यावर मिस्त्री. वाटेत पुढे ट्रॅक्टर आला. मिस्त्री म्हणाले, "जावा अक्का, मोकळं हाय." मी गेले नाही. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा गेले नाही. पाच मैल मी त्या ट्रॅक्टरच्या मागे चालले. "जपानची गाडी आन बैलाची चाल," असं पुटपुटून ते खिडकीबाहेर बघत बसले.

तो माणूस शिंपी आहे, साठीचा झालाय. पाय गुडघ्यात वाकत नाही. घराच्या ओसरीवर शिलाई मशीन आहे, त्याला पायाऐवजी हातानं फिरवायचा दांडा. दांडा बघितल्यावर तो तुमच्या हातचा आहे हे मी ओळखलं. महिन्यातून एका रविवारी तुमचं बसवकल्याणला जे काम असायचं ते हे होतं. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांची पोरगी ना तुम्ही?"

"व्हय काका. मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी अप्पांनी मला विचारलं होतं. मीच..."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "मी तर समोरूनच यायलतो की बाई. गाडी भायेर निघाली तवा मला पैले तुमचा भांग दिसला. दोन येण्या, तांबड्या रिबिनी. मान खाली. मी वरडलो, तरी वर केली न्हाई तुम्ही."

मी विचारलं, "अप्पांना सांगितलं होतं तुम्ही?"

"दवाखान्यातच सांगितलं. लई राग व्हता मला. म्हणलं, पोरीला इचारा, ती कुठं बघायलती. तर तुमच्या अप्पांनी हात जोडले. म्हणले, नव्या घड्याळाशी खेळायलती, लेकरू हाय. तिला हे कळू देऊ नका. मग मी काय बोलणार? मलाबी लेकरं झाली पुढं." त्यांनी मशीनवर हात ठेवला. "खेळण्यात ध्यान जातं लेकराचं. मनाला लावून घेऊ नका, माय."

मी मान हलवली. "व्हय काका, घड्याळच," म्हटलं, त्यांच्या सुनेनं दिलेला चहा प्यायले आणि निघाले.

हे पत्र आईला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. तेव्हा लिहूनच टाकते. घड्याळ माझ्या हातात नव्हतं, अप्पा. ते तुमच्या खिशात होतं. तुम्ही आखातातून आणलेलं ते घड्याळ मी लग्नात सगळ्यांना दाखवत सुटले होते. पंगतीत वाढप्याला अडवलं, त्याची आमटी पाहुण्याच्या अंगावर सांडली, आणि तुम्ही सगळ्या बायकांसमोर माझ्या मनगटावरून ते काढून घेतलंत, "अक्कल न्हाई तर घड्याळ कशाला पायजे?" मी रुसले होते. ट्रॅक्टरच्या मागे तुम्ही दोनदा विचारलंत. पहिल्यांदा मी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यांदा मनात म्हटलं, नाही बघत, जा, आणि मुद्दाम मान खाली घालून "जावा" म्हटलं. छातीवरच्या खिशात ते घड्याळ असताना तुम्ही त्या माणसापुढे हात जोडलेत आणि मला खेळणारं लेकरू केलंत. म्हणजे तुम्हाला सगळंच माहीत होतं, माझा रागसुद्धा. मी मंठाळला खरं सांगायला गेले होते अप्पा, आणि तुमचंच खोटं सांगून परत आले.