एकतीस तारखेचा बाजार

।। श्री ।।

हिंगोली
दि. ६ जानेवारी २०२५

ती. अक्कास शिवहारचा सा. न. वि. वि.

आज सहाला उठलो. पाणी भरलं. चहा ठेवला, तो उतू गेला, परत ठेवला. दुपारी उकंडराव येऊन गेले. संध्याकाळी दारापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सात-आठ वेळा गेलो आणि तिथूनच मागे फिरलो. दिवस एवढाच.

उकंडराव म्हणजे आमच्या दुकानातले लिफ्टवाले. त्यांनी बातमी आणली की आमचं अनुश्री डिपार्टमेंटल स्टोअर्स या एकतीस तारखेला कायमचं बंद होतंय. राधाकृष्णशेठनी सगळ्या नोकरांना साड्यांच्या गादीवर बसवून सांगितलं. खेळण्यांचा मजला दिवाळीनंतरच रिकामा झाला होता. आता भांडी आणि तयार कपडे निम्म्या भावात चाललेत. काचेतले पुतळेसुद्धा विकायला काढलेत. अकोला रस्त्यावरचा मॉल आमचं गिऱ्हाईक ओढणार म्हणून आम्ही चार वर्षं घाबरलो, तर त्याच्याही वरच्या दोन मजल्यांना कुलूप आहे म्हणे. हे सांगताना उकंडरावांना जरा बरं वाटलं असावं. लोक आता घरी बसून मोबाईलवर मागवतात.

सत्तावीस वर्षं मी तिथे साड्या दाखवल्या. आता शेवटचे पंचवीस दिवस आहेत आणि मला पायरी चढता येत नाही. रीत तू जाणतेसच. बायको गेली की तिच्या माहेरच्या माणसानं येऊन नवऱ्याला बाजार दाखवायचा, आपल्या हातानं टोपी घ्यायची, चहा पाजायचा, घरी आणून सोडायचं. तोवर नवऱ्यानं कुठल्या दुकानात जायचं नाही. जमना जाऊन अडीच महिने होत आले. नामाजी तिचा एकुलता भाऊ. तेराव्याला जवळा बाजारहून आला, न जेवता गेला, बाजाराचं नाव काढलं नाही. फोन उचलत नाही. मी बोलायला चांगला नाही, म्हणून तुला लिहितो.

आपली राजनंदिनी पुण्याहून रोज फोन करते. बाबा, इकडेच या म्हणते. तिच्या घराजवळचा मॉलही रिकामा होत आलाय, लोक नुसते गार हवा खायला जातात, असं सांगत होती. तिनं मोबाईलवरून मला शर्ट धाडला. तो घालावा की नाही, समजत नाही. तसाच पिशवीत आहे.

गुडघ्याची काळजी घे. सर्वांवर माझी माया आहे, तुमचीही असू द्या.

तुझा
शिवहार

—

शिरड शहापूर
दि. १० जानेवारी २०२५

चि. शिवहार यास अक्काचे अ. आ.

तुझं पत्र सूनबाईकडून, प्रतिक्षाकडून, दोनदा वाचून घेतलं. ती हळू वाचते का मी बहिरी झाले, दोन्हीपैकी एक.

दाव्याला बांधल्यावाणी कोपऱ्यापर्यंत जाऊन काहून परत येऊन राहिला? गल्लीतले लोक काय म्हणतील? पाय मोकळे करायचे तर इकडं ये. शेतात काय दुकान न्हाई.

पोरीनं धाडलेला शर्ट घाल. पार्सल दारात आलं, तू बाजारात गेला न्हाईस. आमी इथं चार बायांनी बसून ठरवलं. एक म्हणे चालत न्हाई, पण ती समद्यालाच तसं म्हणते.

मीच आले असते तुला बाजार दाखवायला. पण मी तुझी बहीण. माझा बाजार कोणी धरणार न्हाई. तो नामाजीनंच दाखवाया पाहिजे. ते पोरगं वाईट न्हाई रे. जमनाच्या लग्नात तिला सासरी वाटी लावताना माझ्या पायावर डोकं ठेवून रडलं होतं, माझ्या बहिणीला सांभाळा म्हणून. उगा रुसणारं न्हाई. काय झालं ते पुरतं सांग. तू लहानपणापासून अर्धं सांगतो आणि अर्धं खिशात ठेवतो.

(मामा, आता मी प्रतिक्षा लिहिते. आत्याबाई पाणी प्यायला उठल्यात. आमच्या लग्नाचा बस्ता तुमीच दाखवला होता. आत्याबाई हिरव्या शालूवर अडून बसल्या होत्या आणि माझं तोंड बघून तुमी गुपचूप जांभळा पुढं सरकवला. ते आजपर्यंत त्यांना कळलं न्हाई. दुकान बंद होणार वाचून कसंतरी झालं.)

जेवत जा. आमची आठवण ठेव, आमी तुझी ठेवतोच.

तुझी
अक्का

—

हिंगोली
दि. १५ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आज काही केलं नाही. शर्ट घातला, काढला, घडी करून ठेवला.

तू पुरतं सांग म्हणालीस, म्हणून लिहितो.

पंचवीस ऑक्टोबरला दुकानात दिवाळीची गर्दी होती. त्यात लग्नाचा एक बस्ता आलेला. शेजारच्या सपनाचा फोन आला की जमनाच्या छातीत कळ येतेय, लगेच या. मी निघालो म्हणालो. आमच्या दुकानात शेठच्या वडिलांपासूनची शिस्त होती. ज्यानं साडी उलगडली त्यानंच तिची घडी करायची. उघडा माल टाकून गादीवरून उठायचं नाही. माझ्यासमोर सतरा साड्या उघड्या होत्या. मी त्या सतराच्या सतरा घडी केल्या, मग उठलो. कोणी मला थांब म्हणालं नव्हतं. शेठना विचारलं असतं तर त्यांनी हाताला धरून बाहेर काढलं असतं. मी विचारलंच नाही. हात चालत राहिले.

पोचलो तेव्हा ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तरी काही सांगता आलं नसतं. हे वाक्य मी मनात रोज उलटसुलट करतो. सपनानं तेराव्याला नामाजीला सांगितलं की जमनानं दोनदा विचारलं होतं, ते निघाले का म्हणून. सपनानं वाईट हेतूनं सांगितलं नाही. तिला रडू आवरत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. शेठचा निरोप आला. सेनगावचं एक घराणं एकतीसला बस्ता बांधायला येतंय. आजीचा बस्ता मी दाखवला नव्हता, पण सुनांचा आणि लेकींचा दाखवला होता. आता नातीचं लग्न आहे. शिवहार गादीवर बसणार असेल तरच येऊ, असं त्यांनी कळवलंय. तो दुकानाचा शेवटचा बस्ता. शेठ म्हणाले, रीत बाजूला ठेव आणि ये. मला जायचंय अक्का. किती जायचंय ते लिहिता येत नाही. पण नामाजीनं बाजार दाखवल्याशिवाय गेलो तर जमनाला दुसऱ्यांदा मागे टाकून गेल्यासारखं होईल.

म्हणून आजच नामाजीला पत्र टाकतोय. एकतीसच्या आधी ये आणि बाजार दाखव, एवढंच लिहिलंय. बस्त्याचंही लिहिलंय. सतरा साड्यांचं लिहिलं नाही.

मला वाईट म्हणायचं असेल तर म्हण, पण पत्र पाठवणं थांबवू नकोस.

तुझा
शिवहार

—

जवळा बाजार
दि. २२ जानेवारी २०२५

ती. दाजीस नामाजीचा सा. न.

पत्र भेटलं. तुमचं दुकान बंद होऊन राहिलं म्हणून तुमाला बाजार बघायची घाई झाली, हे समजलं. माझी बहीण गेली तवा ते दुकान एक घंटा बंद झालं न्हाई.

रीत माझी आहे, मी ती मोडणार न्हाई. पण त्या दुकानाची पायरी मी चढणार न्हाई. बाजार दाखवीन तो आमच्या गावचा. एकतीसला इथं आठवडी बाजार आहे. सकाळच्या गाडीनं या. त्याच्या आधी मला जमत न्हाई, मेंढरं बाहेरगावी आहेत. आणि त्या दिवशी तुमचा बस्ता आहे हे तुमीच लिहिलं. तारीख मी मुद्दाम काढली असं वाटलं तर वाटू द्या.

आले तर स्टँडवर उभा राहीन. न्हाई आले तर परत बोलावणार न्हाई. राजनंदिनीला मामाचा आशीर्वाद. तिच्यावर माझा राग न्हाई.

नामाजी

—

हिंगोली
दि. १ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

नामाजीनं नेमकं एकतीसलाच बोलावलं, म्हणून काल सकाळी सातच्या गाडीनं जवळा बाजारला गेलो. संध्याकाळी पाचच्या सुमारास परत आलो.

परवा उकंडराव निरोप घेऊन आले होते, की शेठ गाडी पाठवतायत, तयार राहा. मी येत नाही म्हणालो, कारणही सांगितलं. ते चिडले. मेहुण्याची टोपी आठ दिवसांनी घेतली तर काय तिचा रंग उडतो का, असं म्हणाले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी मोठ्यानं बोलले. मग जिना उतरून गेले.

नामाजी स्टँडवर उभा होता. मला बघून त्यानं घड्याळात बघितलं. मी मागे, तो पुढे, असे बाजारात गेलो. टोप्यांच्या पालावर मी सवयीनं कापड बोटांत धरून बघायला लागलो, विणकर कुठला ते विचारायला लागलो. त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, की दाजी, आज तुमी गिऱ्हाईक आहात, गप बसा. पालवाला हसला. मीही हसलो असेन. टोपी त्यानंच निवडली आणि आपल्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवली. जरा घट्ट आहे. सैल होईल.

चहा पिताना त्यानं विचारलं, त्या दिवशी किती साड्या होत्या. सपनानं सांगितलं असावं, नाहीतर दुकानातलं कोणी. सतरा, असं मी सांगितलं. सगळ्या घडी केल्या का, म्हणाला. केल्या म्हणालो. बराबर केल्या का, म्हणाला. बराबर केल्या, म्हणालो. त्यानं कप खाली ठेवला आणि चहाचे पैसे दिले. मग म्हणाला, रीत झाली, राग हाय तसाच हाय, तो सोड असं तुमी म्हणू नका. मी तसं म्हणालो नाही.

घरी आणून सोडायचंही रीतीत असतं, म्हणून तो माझ्यासोबत गाडीनं हिंगोलीला आला. स्टँडवरून येताना रिक्षा दुकानासमोरून गेली. दिवे चालू होते, पायऱ्यांवर चपला दिसत होत्या. नामाजीनं रिक्षा थांबवायला सांगितली. उतरायचं असेल तर उतरा, मी अडवणार न्हाई, असं म्हणाला. मी आधी घरी सोड म्हणालो. त्यानं रिक्षा पुढे घ्यायला सांगितली. घरी आल्यावर तो जमनाच्या फोटोसमोर बसला, पाणी प्याला, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून लगेच उठला. तो गेल्यावर मी दुकानाकडे जाऊ शकत होतो. गेलो नाही.

आज सकाळी उकंडराव आले. राग उतरला होता. सेनगावच्या मंडळींनी दुपारपर्यंत माझी वाट बघितली. मग आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलीनं बस्ता दाखवला. चांगला दाखवला, म्हणाले. मंडळी खुशीत गेली. मला वाटलं होतं माझ्यावाचून अडेल. ते ऐकून वाईट वाटलं, आणि थोड्या वेळानं तेवढं वाईट वाटलं नाही. उकंडरावांना मुलाकडे नांदेडला जायचंय. शेठनी लिफ्ट कोणाला तरी विकली.

पुढे काय करायचं ते ठरवलं नाही. राजनंदिनीला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. घरात बसवत नाही आणि बाहेर कुठे जायचं ते कळत नाही. पण कोपऱ्यावरून मागे फिरायचं आता कारण उरलं नाही.

प्रतिक्षाला आशीर्वाद. जांभळ्या शालूचं मला आठवतं, असं तिला सांग. ती तुला सांगेल तेव्हा रागावू नकोस. धाकटा भाऊ म्हणून जशी ओरडत आलीस तशी ओरडत राहा.

तुझा
शिवहार

ता. क. हे लिहून मंडईत एकटाच जाऊन आलो. मेथीची जुडी घेतली. माती फार होती, तीन पाण्यांनी धुतली. आता निवडायला बसतो.