पहिल्या पंगतीचे ताट

मी, मथुराबाई बेवा दयाराम निखाडे, वय पंचेचाळीस, धंदा खानावळ, राहणार पावर हाउस बाजारामागे, भिलाई, जिल्हा दुर्ग, आज पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्या छातीचे काय झाले आहे ते डॉक्टरांनी लपवले नाही. म्हणून कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते.

एक. खानावळीची भांडी, शेगडी, बाकडी आणि जेवणाऱ्यांकडून येणे असलेली रक्कम माझ्या पश्चात माझी एकुलती मुलगी हिरा हिची. अट कलम चारमध्ये आहे.

दोन. किराणा दुकानदार शामसुंदरजी यांचे कर्ज खरे आहे. नवऱ्याच्या आजारपणात घेतले. ते फेडावे, पण भाडे, किराणा आणि हिराचे पोट भागून जे उरेल त्यातून. त्यांनी याला कबुली दिली आहे. ते मला नेहमी आरामात द्या असेच म्हणत. तगादा मीच माझ्यामागे लावला. मंडळी जेवून उठली की पातेल्याची खरवड पाण्याबरोबर खाल्ली, खोकल्याचे औषध बंद केले आणि वाचलेला पैसा त्यांच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. मग अंथरूण धरले. खानावळ पावसाळाभर बंद राहिली. वाचवले होते त्याहून अधिक पुन्हा उचलावे लागले.

तीन. फळीवर कागदात गुंडाळलेल्या चपला धाकटे दीर बळीराम यांना द्याव्या. नव्या घेतल्या त्या दिवशी ते भर बाजारात म्हणाले, "वयनी, डोक्यावर कर्ज अन् पायात चपला?" त्यानंतर मी त्या घातल्या नाहीत. वैशाखातही नाही. त्यांना त्या लहान होतील. तरी द्याव्या.

चार. माझ्या माहेरचे पितळी ताट हिराचे. ते विकू नये, गहाण ठेवू नये. पहिल्या पंगतीत बसून हिराने त्यात जेवावे. परवा भांडी घासायला निघाली तेव्हा तिचे ताट कोरडे दिसले. विचारले तर म्हणाली, "मले भूकच नाही लागत, माय." मी तिला इतकी वर्षे हेच सांगत आले. ती उपाशी राबू लागली तर कलम एक रद्द समजावे, खानावळ बंद करावी आणि भांडी विकून शामसुंदरजींचे देणे द्यावे. यावर लक्ष खालील साक्षीदारांनी ठेवावे. दोघे माझ्याकडेच जेवतात. ती बसेपर्यंत त्यांनी घास उचलू नये.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा हिरा म्हणाली, "तू जेवशील तं मी जेवीन." मला भाकर उतरत नाही हे तिला माहीत आहे. तरी तिने ताट दोघींच्या मध्ये ठेवले, भाकर मोडली आणि अर्धी माझ्याकडे सरकवली. साक्षीदार हात धुऊन बसून होते. त्यांना पाळीवर जायचे होते.

मी घास वरणात बुडवला. खूप वेळ चावला. गिळला. मग तिने तिचा उचलला.

आता सही करते.

मथुराबाई दयाराम निखाडे

साक्षीदार, समक्ष:
कृष्णराव बांगरे, कारकून, पोलाद कारखाना
नत्थू ढोबळे, गँगमन, रेल्वे

भिलाई, ता. १९ नोव्हेंबर १९६१