ती ऐकत होती

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी माझ्या निदानावर शंका घेतली की माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघतो. गेल्या श्रावणात तसंच झालं. किन्हवलीजवळच्या एका पाड्यावरची तरुण बाई आणली होती. पहाटे अंथरुणातून उठलीच नाही. मण्यार साप चावल्याची खूण दिसत नाही, दुखतही नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. विषावरची लस दिली, व्हेंटिलेटर लावला. तिसऱ्या सकाळी डोळ्यांत टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या आणि थिजलेल्या. तिच्या उशाशी उभी राहून मी सिस्टरला म्हणाले, "हिच्यात आता काही उरलेलं नाही. घरच्यांना सांगून टाकू."

तिची आई पायाशी बसली होती. "नाय डाक्टरबाय. ती ऐकते. मी नाव घेतलं का अंगठा हलवते."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

म्हातारी रागावली नाही. "डाक्टर तुमीच. पन पाय मी धरलाय."

माझे कान तापले. ओपीडीत जाऊन बसले, पण लक्ष लागेना. दुपारी परत गेले ती खरं तर म्हातारीला खोटं पाडायला. अंगठा चिमटीत धरला आणि म्हणाले, "ऐकू येत असेल तर हलव." कातडीखालून मुंगी सरकावी एवढंच जाणवलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

आठव्या दिवशी तिची नळी निघाली. घोगऱ्या आवाजात ती मला म्हणाली, "हिच्यात काय उरलं नाय, असं बोललात ना तुमी? मी आतून वरडत होते." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. म्हातारीची मी माफी मागितली. तेव्हापासून चादर ओढलेल्या माणसाजवळही मी हळू बोलते. कधी कधी थांबून वाट बघते.

आणि मुरबाडच्या तुमच्या दवाखान्यातली ती दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही. जीपमधून सासरा सुनेला घेऊन आला आहे; तीही पहाटे उठलीच नाही. तुम्ही सलाईन लावता, छातीला स्टेथोस्कोप टेकवता, मान हलवता. तो म्हणतो, "अजून गरम हाय वो, परत बघा." तुम्ही तेच विचारता, डॉक्टर कोण म्हणून. तो हात जोडतो आणि बाहेर घोंगडी आणायला जातो. तुमची ती खात्री मला तेव्हा फार मोठी वाटली होती. आपणही असंच व्हायचं, असं मी मनात ठरवलं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही मोरीत हात धुवत होता, तेव्हा तिच्या हातावरची सलाईनची चिकटपट्टी मी काढत होते. तिच्या बोटांनी माझं बोट दाबलं. एकदाच. माझाच हात थरथरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते तिला उचलून घेऊन गेले. मी तुम्हाला हाक मारली नाही. तुमच्या हाताखाली माझे अजून चार महिने शिकायचे राहिले होते.