फ्लॅशशिवाय एकेचाळीस फोटो

नांदेड
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप हणमंतमामांस,
मनस्विनीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. चाळिशीत तुम्ही माझ्याकडून बाराखडी शिकलात, तेव्हाच तुम्ही नियम घातला होता की कामाचं सगळं पत्रातच लिहायचं, म्हणजे शिकलेलं सुटणार नाही. शिवाय फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

माझा कॅमेरा आता दमला. नव्यासाठी दोन पर्याय आहेत. एक तुमच्यासारखा जुन्या पद्धतीचा. जड आहे, पण तुमच्या लेन्स त्याला बसतील आणि एका बॅटरीवर अख्खं लग्न निघेल. दुसरा मिररलेस. हलका, सेकंदाला दहा फोटो घेतो, आणि दिवेलागणीलाही फ्लॅशशिवाय स्वच्छ काढतो. पण बॅटरी लवकर उतरते. दुकानात चारदा जाऊन दोन्ही हातात धरून आले. दुकानदार आता मला पाहून खुर्ची देतो, कॅमेरा देत नाही. आई म्हणते, नवरा निवडायलाही एवढाच वेळ लावणार असशील तर मला तोवर जगवून ठेव.

आपल्या घरातून शाळेची पायरी पहिल्यांदा मी चढले, ती तुम्ही हाताला धरून नेलंत म्हणून. कॅमेराही तुम्ही म्हणाल तोच घेईन.

मामींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

आपली,
मनस्विनी

---

लातूर
१९ जानेवारी

चि. मनस्विनीस,
हणमंतमामाचे अनेक आशीर्वाद.

मिररलेस घे. माझ्या लेन्सवर डोळा ठेवू नको, मी अजून मेलो न्हाई. फ्लॅशचं मात्र मला पटत न्हाई. गर्दीत दुसरा फोटोवाला कुठं हाय, काढतोय का चहा पितोय, हे मला फ्लॅश उडाला की कळतं. तसं बघायची सवय वीस वर्षांची हाय.

इकडं लोकांनी ताळ सोडलाय. मागच्या हळदीत नवऱ्याच्या मित्रानं माझ्या लेन्सपुढं मोबाइल धरला. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याचं मनगट असं पिरगाळलं, की मोबाइल डीजेच्या गाडीखाली गेला. मामी म्हणते, एक दिवस कुणाचा तरी जीव घ्याल. मी म्हणालो, अल्बम दिल्यावर घेईन.

वीस फेब्रुवारीला इथं मोठं लग्न हाय. दुसरा कॅमेरा तुझा. लाइट अमरेश धरेल. दोन लेकींचा बाप, पण लाइट घेऊन उभा राहिला की नुसता खांब. आणि घरच्यांची निवड होईपर्यंत एकही फोटो पुसायचा न्हाई, हे तुला नव्यानं सांगत न्हाई.

आक्काला सांग, तुझं लग्न बघितल्याशिवाय तिला कुठं जायचंय.

तुझा,
हणमंतमामा

---

लातूर
२५ फेब्रुवारी

चि. मनस्विनीस, आशीर्वाद.

फोन पोलिसांकडं हाय. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्यानं लिहितोय.

वरातीत तुला किती दिसलं ठाऊक न्हाई. तुला बायकांनी ओढून गाडीत बसवलं ते बरं झालं. तो बसवंत, नवऱ्याचा मावसभाऊ, पिऊन नाचत होता. बाजूला हो म्हटलं तर त्यानं लाथेनं माझा कॅमेरा उडवला. उचलायला वाकलो, तर बोटांवर बूट ठेवून फिरवला. दोन बोटं मोडली, मला आवाज आला. मग सगळेच भिडले. पट्टे, खुर्च्या, ताशाच्या काड्या, जे हाताला लागलं ते. त्यात कुणीतरी लाइटचा लोखंडी स्टँड बसवंतच्या तोंडावर घातला. जबडा फुटला. उजवा डोळा गेला.

स्टँड अमरेशचा, म्हणून पोलिसांनी अमरेशला उचललं. त्याआधी नवऱ्याकडच्यांनी त्याला इतकं बडवलं, की त्याला त्या संध्याकाळचं काहीच आठवत न्हाई. वाईट झालं. पण आपण काय करणार?

लग्न तर लागलंय, मंडळी अल्बम मागतायत. तुझ्या कार्डातले मंडपातले फोटो निवडून ठेव. वरातीचं बघत बसू नको. तिथं तुझा फ्लॅश एकदाही उडाला न्हाई, म्हणजे तूही थांबलीच होतीस.

तुझा,
हणमंतमामा

---

नांदेड
२ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मी थांबले नव्हते. बायकांनी ओढून नेण्याआधी मी जनरेटरच्या गाडीवर चढले होते. ह्या कॅमेऱ्याला संध्याकाळीही फ्लॅश लागत नाही, हे तुम्ही विसरलात. भीतीने माझं बोट बटणावर तसंच राहिलं. सहा बावन्नला, चार सेकंदांत एकेचाळीस फोटो निघाले आहेत.

सुरुवातीला अमरेशदादा खाली पडलेले आहेत. दोघं त्यांच्या बरगड्यांत लाथा घालतायत आणि स्टँड त्यांच्या हातून सुटून लांब पडलाय. अकराव्या फोटोत तो तुमच्या हातात आहे. पंधराव्यात बसवंतच्या जबड्यावर. चोविसाव्यात तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकतोय, बोटांमधून रक्त गळतंय. तिथे तुम्ही थांबला असतात, तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. तुम्ही आणखी दोनदा घातलात. शेवटचा घाव त्याचे हात खाली आल्यावर आहे.

माझी चूक होत असेल म्हणून तुमचा शर्ट मंडपातल्या फोटोंशी ताडून पाहिला. तुमचाच आहे.

काल अमरेशदादांची बायको, लक्ष्मम्मा, हिचा फोन आला होता. तिने विचारलं, तुझ्या फोटोत काही हाय का गं बाई. मी म्हटलं, पाहते. पाहून झालं होतं, मामा. आजवर कुणाला असं उत्तर दिलं नव्हतं.

तुम्ही स्वतः ठाण्यात जा. तुमचा हात चिरडला तेही सांगा, तेही खरंच आहे. शनिवारपर्यंत वाट पाहीन. मग कार्ड मी देईन.

रागवा, पण जा.

आपली,
मनस्विनी

---

लातूर
५ मार्च

मनस्विनी,

एकेचाळीस फोटो पुसायला एक मिनिट लागत न्हाई. पूस.

पुसायचं न्हाई हे मीच शिकवलं, आता मीच सांगतो. अमरेशला स्टँड घालताना कुणी बघितलेलं न्हाई, तो सुटेल. मी त्याला वकील देतो. मी आत गेलो तर मला सोडवायला कोण येणार? माझी बोटं मोडताना सगळं गाव नाचत होतं, तेव्हा कुणाला न्याय आठवला न्हाई.

चार बुकं मी शिकवली म्हणून शिकलीस. कार्ड दिलंस तर तंगडी मोडून घरात बसवीन, आक्का मधे आली तरी. मी बोलतो ते करतो. फोटोत तू बघितलंसच.

हणमंत

---

नांदेड
१० मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

काल तुम्ही दारात आलात तेव्हाच मी सांगितलं होतं, की कार्ड शनिवारी लातूरच्या ठाण्यात दिलं आणि पोच घेतली. म्हणजे फोडण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. तरी तुम्ही कॅमेरा फरशीवर आपटलात आणि वरवंटा घेऊन लेन्स फोडलीत. मग माझ्याकडे वळलात.

आईच्या कपाळाला तीन टाके पडले. माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही प्लास्टरच्या हाताने मारत होतात, तुमचीही बोटं दुखावली असतील. ती दाखवून घ्या.

शनिवारी ठाण्यात साहेबांनी नातं विचारलं. मी म्हटलं, सख्खे मामा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की मामांना हे माहीत आहे का. मी म्हटलं, पत्राने कळवलंय. हवालदार हसला. साहेब हसले नाहीत.

कॅमेऱ्याची तक्रार मी केलेली नाही. आईच्या टाक्यांची आज इथल्या ठाण्यात केली आहे. ती नको म्हणत होती. जे झालं तेवढंच लिहून दिलं, एक शब्द जास्त नाही. तुमच्या बोटांचंही त्यात लिहिलं आहे.

उत्तर आलं तर वाचीन. माया मागायला आज जीभ वळत नाही.

मनस्विनी

---

लातूर, तुरुंगातून
३ एप्रिल

चि. मनस्विनीस,

आशीर्वाद लिहू का नको, ह्यात एक कागद फुकट गेला. हा दुसरा.

अमरेश सुटला. मंगळवारी मला भेटायला आला. शिव्या घालेल म्हणून मी तयारीत होतो. तो जाळीपलीकडं उभा राहिला आणि म्हणाला, मालक, लेकी अंगावर चढायला बघतात पण बरगडीमुळं घेता येत न्हाई. एवढंच बोलून गेला. शिव्या परवडल्या असत्या.

वकील काल आला. तुझे फोटो मोठे करून आणले होते. त्यानं युक्ती सांगितली. म्हणायचं की उजेड कमी होता, फोटो काढणारी पोर नवखी, कॅमेरा नवा, चेहरा हललाय, माणूस ओळखू येत न्हाई. कोर्टात तो तेवढं सिद्ध करणार, आणि मी फक्त गप्प बसायचं.

मी तो अकरावा फोटो हातात घेतला. मग पंधरावा. मग शेवटचे. बघवत न्हाई, पण सगळे बघितले. वकिलाला म्हणालो, काही हललेलं न्हाई. तो मी हाय. तो म्हणाला, मग मी कशाला आलो? मी म्हणालो, ते तुम्ही ठरवा, पण माझ्या भाचीला काम येत न्हाई असं मी कोर्टात कुणाला बोलू देणार न्हाई.

त्यानं कागद गोळा केले आणि गेला.

आक्काचे टाके काढले का, ते कळव. तुझ्या कानाचंही. लिहावंसं वाटलं तर.

हणमंतमामा