दांडीवरून गेलेला चेंडू

पोर्टलंड, १२ एप्रिल

चि. व्हर्जिल यास लोरेनाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या नातीचा, टेसचा, फोन आला होता. शाळेच्या मैदानावर, तुमच्या त्या लांबट चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलच्या, मुलींना सॉकर खेळू द्यायचं का, यावर बावीस तारखेला शाळा समितीत मतदान आहे. तीन मतं बाजूने, तीन विरुद्ध आणि सातवं तुझं, हे मला तिच्याकडून कळावं? तिचं हे शेवटचं वर्ष आणि घरच्या मैदानावर अजून एकही सामना नाही. गवताला विश्रांती हवी, ही सबब दुसऱ्या कुणाला सांग.

तुमच्या पक्षाच्या मंडळींना हा खेळ म्हणजे आम्हा शहरी लोकांचं खूळ वाटतं. माझ्या शेजारणीही तो खेळ निम्मा तुमची जिरवायलाच बघतात, तेही कबूल करते. पण टेसने कुणाचं काय घोडं मारलंय? एकदा तिचा खेळ बघ.

लोभ आहे, रागही आहे.
तुझी ताई


हार्लन बेंड, नेब्रास्का, १६ एप्रिल

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

ओरडा पोचला. एकतीस वर्षं त्या मैदानावरच्या रेषा मी आखतोय, तेव्हा गवताबद्दल मी बोलणारच. पण तुझ्यापाशी खोटं नको. एवढी पळापळ करून शून्य-शून्य बरोबरी आणि दोघेही खुशाल घरी, याला मी खेळ म्हणू? शिवाय सकाळच्या कॉफीला क्लेम म्हणाला, की आज यासाठी हात वर करशील, उद्या अंगणात त्यांच्या पक्षाची पाटी लावशील. चाळीस वर्षांचा मित्र आहे तो. त्याने तोंड फिरवलं तर मला सोसायचं नाही.

टेसची समजूत तूच काढ. रागातला लोभ चालेल.
व्हर्जिल


पोर्टलंड, २१ एप्रिल

चि. व्हर्जिल यास अनेक आशीर्वाद.

काल टेसचा शेजारच्या गावात सामना झाला. आपल्या एका मुलीने मारलेला चेंडू गोलच्या दांडीवरून, फुटबॉलच्या दोन उंच खांबांमधून पार गेला आणि कुंपणाला लावलेल्या एका हिरव्या ट्रकने तीनदा हॉर्न दिला. अरे, त्याचे तीन गुण तुझ्या खेळात. सॉकरमध्ये तो नेम चुकला म्हणतात. टेस म्हणाली, आजोबा सीटखाली वाकले, पण टोपी दिसत होती. हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू गेलास, याचा मला फार अभिमान वाटतो.

हे पत्र पोचेपर्यंत मतदान झालेलं असेल. काय झालं ते तूच कळव, मी टेसला विचारणार नाही.

निकाल काहीही असो, लोभ तोच.
ताई


हार्लन बेंड, ६ मे

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

हात वर केला. क्लेम दोन आठवडे दुसऱ्या टेबलावर बसला. ते लागलं मला.

पण शेजारगावच्या त्या सामन्यात टेसने पेनल्टी अडवली, ताई. गोलात एकटी उभी, समोर तिच्याहून वीतभर उंच मुलगी. आडवी झेपावली, चेंडू बाहेर ढकलला आणि मोजे झटकून पुन्हा उभी. सामना शून्य-शून्य सुटला आणि मी ट्रकची किल्ली फिरवायलाच विसरलो. मांसाच्या कारखान्यात काम करणाऱ्या, संघातल्या दोघींच्या आयांनी ट्रकपाशी येऊन मक्याच्या पिठाचे गरम तमाले दिले, तेव्हा काच खाली करावीच लागली.

सॉकरच्या रेषा मीच आखल्या, पिवळ्या. शनिवारी घरचा सामना झाला. कुंपणाला अकरा गाड्या लागल्या आणि सगळ्यांत शेवटी, माझ्यापासून दूर, क्लेमची. उत्तरार्धात आपल्या मुलीचा चेंडू दांडीवरून खांबांमधून गेला आणि पहिला हॉर्न क्लेमने दिला. मागोमाग सगळ्या गाड्यांनी. टेस गोलातून मला खुणा करत होती, की आजोबा, त्यांना सांगा ना.

मी नाही सांगितलं. मीही वाजवला.

माझ्या पक्षाकडे काणाडोळा करून लोभ असाच ठेव.
तुझा व्हर्जिल